गोठ्यातली चूल

आधी अर्ज लिहिला गेला. चूल नंतर.

*मा. शिक्षण विस्तार अधिकारी साहेब यांच्या सेवेशी. विषय : नोकरीचा राजीनामा देणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतिअर्ज करते की, घरगुती अडचणीमुळे शिक्षिकेचे काम पुढे करणे मला शक्य नाही. तरी माझा राजीनामा मंजूर व्हावा. कळावे. आपली नम्र,*

नम्र कोण, ती जागा कोरी होती. तारखेची जागाही कोरी.

अक्षर गहिनीनाथचं. मोत्यासारखं. रतनचं मत असं की तिच्या नवऱ्याचे सगळे मोती कागदावर सांडले आणि मानेवर नुसता शिंपला राहिला. बायकोचा राजीनामा नवऱ्याने लिहावा, तोही इतक्या सुबक वळणाने, की वाचणाऱ्याला वाटावं लग्नपत्रिकाच आली! कारभारी आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. आबांना वाचता येत नव्हतं, पण कागदाचा रुबाब कळत होता. त्यांनी घडी घातली आणि देवळीत, खंडोबाच्या टाकामागे ठेवून दिली.

"पाडव्यापत्तुर ऱ्हाऊ दे तितं," आबा म्हणाले. "देव बघंल काय ते."

रतनने देवाकडे पाहिलं. देव घोड्यावर बसला होता आणि त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. घरातल्या इतर पुरुषांसारखं.

भांडण, थोडक्यात

भांडण भाकरीवरून झालं. सगळी भांडणं भाकरीवरूनच होतात, माणसं उगाच मोठी कारणं सांगतात.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. पाथर्डीकडची माणसं तशीही दुष्काळाला पाहुणा म्हणत नाहीत, घरातलाच धरतात. पण या खेपेला तो घरातल्यांनाच बाहेर काढून बसला होता. बैल, गाय, वासरू, सगळी जनावरं छावणीत. त्यांच्याबरोबर थोरला दीरही छावणीत. घरात राहिले आबा, गहिनीनाथ, रतन, आणि थोरली जाऊ साळूबाई तिच्या चार पोरांसकट. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची, भाजताना तुटायची, आणि घशाखाली मात्र अख्खी अडकायची. ती सगळी साळूबाई करायची, कारण रतन नऊ वाजता घर सोडायची. तीन मैलांवरच्या वस्तीवर तिची शाळा. पाचला शाळा सुटली की पोरांना सुकडी वाटायची, मग दुष्काळी मदतीसाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या याद्या लिहायच्या, रविवारी पाथर्डीला मीटिंग.

एका सकाळी साळूबाईने पीठ भरलेली काटवट ढकलून दिली.

"मला बी दोनच हात हायेत. ही बया पदर खोचून जाती आन सांजच्याला ताटावर येऊन बसती. मी काय हिच्या म्हायेरची आंदन आल्ये?"

"मग चूल वेगळी करा," रतन म्हणाली.

त्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मनात सगळ्यांच्या होतं, पण मनात काय, मनात माणसं एकमेकांना विहिरीत सुद्धा ढकलतात. साळूबाईची पोरं खायची थांबली. गहिनीनाथ चहाच्या बशीत बघत राहिला, जणू तिथे काही लिहून आलं असावं.

आबांनी निवाडा केला. चूल वेगळी. पाडव्याच्या दिवशी रतनने आपल्या खोलीत, आपल्या विस्तवावर, घरच्या नऊही माणसांचा पुरणाचा स्वयंपाक करून घालावा. थोरलाही सणाला छावणीतून येईल, तो धरून नऊ. जमलं तर नोकरी आणि चूल दोन्ही तिची.

"आन न्हाई जमलं?" साळूबाईने विचारलं. हे विचारायचं काम तिचंच होतं.

आबांनी देवळीकडे हनुवटी उचलली.

खोली कोणती? गोठा. दुसरी होती कुठे? जनावरं छावणीत गेल्यामुळे मोकळा होता, एवढीच त्याची योग्यता. आबांना हे फार विनोदी वाटलं. रतनला नाही वाटलं. माणसांपेक्षा जनावरांच्या जागेत उजेड जास्त होता, आणि तिथे कुणी बोलत नव्हतं.

गोठ्यातून काय निघालं

एक गव्हाण, फोडायला चार दिवस लागलेली. सात खुंट्या. एक दावं. नांगराचा मोडका फाळ, जो आबा पंधरा वर्षं "चोरीला गेला" म्हणून एका भाऊबंदाला शिव्या देत होते. फाळ सापडल्यावरही आबांनी शिव्या बंद केल्या नाहीत, सवय झाली होती. एक साप, स्वतःहून गेलेला. वीतभर खोल, काळी, मऊसूत माती, शेणामुताने चाळीस वर्षं भिजलेली.

ही माती लक्षात ठेवावी.

बाईच्या जातीला वेळ भरपूर, असं आबा म्हणत

चार ते सहा : टँकरच्या विहिरीवर पाण्याची रांग. दोन हंडे.

सहा ते आठ : गोठा. पहार, फावडं, घमेलं.

आठ ते नऊ : आंघोळ. आंघोळीचं पाणी न सांडता बादलीत धरणे. ते पाणी मातीत कालवण्यासाठी. (साळूबाई : "न्हालेल्या पान्यात चूल बांधती. आता सैपाकाला साबनाचा वास यील, मंग अंग घासायचं काम न्हाई, नुसतं जेवायचं.")

नऊ ते दहा : तीन मैल.

साडेदहा ते पाच : मुळाक्षरं, पाढे, पोरांची नाकं. हजेरी. दिवाळीला ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरं एकदम निम्म्याने कमी होत, तेव्हा रतन त्यांची नावं लाल शाईने कापी. "ज्यांच्या आयांना धड चूल नाही, त्यांना पाटी कशाला," हे ती एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणाली होती. पोरं हसली होती. पोरं कशालाही हसतात.

पाच ते सात : सुकडी, याद्या.

सात ते आठ : तीन मैल, परत.

आठनंतर : साळूबाईच्या हातची भाकरी. पाडव्यापर्यंत.

सिमेंट

गहिनीनाथला तिचं हे मातीत हात घालणं मुळीच आवडलं नव्हतं. तो सरपंचाबरोबर फिरायचा, टेरिकॉटचा सदरा घालायचा, आणि साखर फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये त्याने एकदा स्वयंपाकघर पाहिलं होतं.

"अगं माती कसली! ओटा. सिमेंटचा ओटा. बाया उभ्यानं सैपाक करतात तितं. तू मास्तरीण असून खाली बसून फुंकत बसणार?"

"मग आणा सिमेंट."

"परवाना लागतो. तहसिलात साहेब ओळखीचे हायेत. शुक्रवारी आणतो."

शुक्रवारी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या शुक्रवारी फॉर्म संपले होते. तिसऱ्या शुक्रवारी गहिनीनाथने फॉर्म भरला, इतक्या देखण्या अक्षरात, की कारकुनाने तो इतरांना दाखवायला टेबलाच्या काचेखाली ठेवला म्हणे. चौथ्या शुक्रवारी त्याने सिमेंटची पोती आणली. रिकामी. दोन.

"सुरुवात तरी झाली," तो म्हणाला.

रतनने ती पोती गोठ्याच्या दारात पाय पुसायला टाकली. त्या स्वयंपाकघरात गहिनीनाथच्या हातची एवढीच एक गोष्ट लागली, आणि तिच्यावर ती रोज पाय देत असे.

भोक

पूर्वेच्या भिंतीत तिने पहारीने भोक पाडलं. धूर जायला. दगडमातीची भिंत, दोन हात रुंद. एक दगड निघायला एक सकाळ. पाच सकाळी गेल्या, तळहाताला फोड आले, ते फुटले, शाळेत खडू धरवेना. सहाव्या सकाळी भिंतीपलीकडून उजेड आला आणि उजेडाबरोबर साळूबाईचं तोंड आलं.

"भोक पाडलं व्हय? आता कुत्री यायची आत."

"आधी तुम्ही आलात," रतन म्हणाली.

भोक मात्र चांगलं होतं. हे लक्षात ठेवायला हरकत नाही, कारण सगळंच वाईट झालं असं नाही.

मातीवर साळूबाईशी झालेलं बोलणं, जसंच्या तसं

"कुटली घेतलीस माती?"

"इथलीच. खणून काढलेली आहे ना."

"गोठ्यातली? चुलीला?"

"मऊ आहे. चाळायला नको, वाहून आणायला नको."

"अगं ये शहाने. चुलीला वारुळाची माती लागती. मैलभर चालावं लागतं, म्हनून तुला सांगवत न्हवतं कुनी. या मातीत चाळीस वर्सांचं गोमूत्र मुरलंय."

"गोमूत्र शुद्ध असतं. सुवेर फिटलं की तुम्हीच घरभर शिंपडता."

"मानसाला शुद्ध. मातीला न्हाई."

"म्हणजे माणसापेक्षा माती सोवळी?"

"तुज्यासंगं बोलनाऱ्याच्या तोंडात घालावी ती माती."

"घाला. चाळून ठेवलीय."

कागदाचा लगदा

चुलीच्या मातीत काड घालतात, नाही तर ती भेगाळते. रतनला एवढं माहीत होतं. पण काड होतं कुठे? काडाची शेवटची पेंढी बैलांबरोबर छावणीत गेली होती, आणि त्या दिवसांत गावात माणूस उपाशी दिसला तरी लोक बघत नसत, पण कुणाच्या हातात कडब्याचं पेंढकं दिसलं तर दहा डोळे मागे जात.

रतनने डोकं चालवलं. शिकलेल्या माणसाचं हेच दुखणं, डोकं चालतं. शाळेत पोरांच्या जुन्या वह्या होत्या, तपासून झालेल्या. त्या तिने बादलीत भिजवल्या, कुटल्या, लगदा केला आणि मातीत मिसळला. लगद्याने मातीला तार येते. गुळगुळीत, लोण्यासारखी माती झाली. साळूबाईच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. ती हे मनात म्हणाली, आणि मग मोठ्यानेही म्हणाली, कारण साळूबाई दारात उभी होती.

दोन कडांची चूल उभी राहिली. मागे वैल, दुसरं भांडं ठेवायला. कोपरे इतके सरळ की पट्टी लावावी. लावलीच होती. पांढऱ्या मातीचा हात दिला, वर गेरूची रेघ ओढली. आठ दिवस वाळत ठेवली. आबा येऊन काठी टेकून बघून गेले आणि काही बोलले नाहीत. आबा बोलले नाहीत म्हणजे घाबरले, असा रतनने अर्थ काढला. ती आठ दिवस शाळेच्या वाटेवर तीन मैल चालत नव्हती, तीन मैल मिरवत होती.

पाडव्याला चार दिवस उरले, तेव्हा तिने चूल पेटवून बघितली.

चूल पेटवून बघितली

आधी वास.

साधा वास नव्हे. चाळीस वर्षांतल्या सगळ्या बैलांनी एकाच वेळी परत येऊन आपली जागा सांगावी, तसा. डोळ्यांत पाणी आलं, नाकात मिरच्या गेल्या. भोकातून धूर झकास निघत होता, म्हणजे वास गावभर झकास पसरत होता. मग आवाज आला, टच्च, पाटी फुटल्यासारखा. उजवी कड वरपासून खालपर्यंत उलली. मग डावी. मग वैल पुढे कलला आणि पाण्याचं पातेलं विस्तवावर उपडं झालं. फुस्स.

भेगेत कागदाचा एक न कुटलेला तुकडा अडकला होता. त्यावर कुणाची तरी तिरपी पेन्सिल : सात आठे चौपन्न. त्यावर रतनची स्वतःची लाल फुली.

दारात सगळं घर गोळा झालं होतं. साळूबाईने पदर नाकाला लावला होता, पण हसू नाकाने येत नाही, ते पदराच्या वरून डोळ्यांतून येत होतं.

"शुद्ध झालं गं सारं घर," ती म्हणाली.

गहिनीनाथ म्हणाला, "मी म्हणत होतो, सिमेंट."

आबा घराकडे वळले. आत जाता जाता त्यांनी देवळीतला कागद चाचपून पाहिला. आहे.

नवी चूल बांधून वाळवायला आठ दिवस. पाडव्याला चार. हे गणित सात आठे चौपन्न म्हणणाऱ्या पोरालाही आलं असतं. चार दिवसांनी तारखेची जागा भरेल, सहीची जागा भरेल, आणि पुढची तीस वर्षं ती थोरलीच्या हाताखाली मिलो थापेल. साळूबाईची जीभ चुकीची निघाली असती तर रतनने तिला माफ केलं असतं. साळूबाई बरोबर होती, हे तिला गोमूत्रापेक्षा झोंबलं.

बनुबाई

दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीच्या आडोशाला धूर दिसला.

रतन त्या दिवशी कुणाला तरी झोडायला निघालीच होती. बघते तो बनुबाई, ऊसतोडणीहून ट्रकने परतलेली. तिच्या घराचं छप्पर खाली आलेलं, म्हणून तिने आपली गोणपाटं, भांडी आणि पोरगी शाळेच्या सावलीत टाकली होती. दिवाळीनंतर रतनने लाल शाईने जी नावं कापली, त्यात ही पोरगी होती.

"शाळेच्या आवारात चूल? कुणाला विचारून?"

"चुलीला काय इचारायचं, बाई? भूक लागली." बनुबाईने मान वर केली नाही. तीन दगडांवर तवा होता, तव्यावर मिलोची भाकरी, आणि ती भाकरी फुगली होती. मिलोची! रतन वाकून बघायला लागली.

"ही... फुगली कशी?"

"जाळ बघून. बायकूमानसाला जाळ कळला फायजे." मग तिने वर पाहिलं. रतनचे फोड आलेले हात, साडीला लागलेली पांढरी माती, सगळं एका नजरेत मोजलं. "तुमचीच व्हय ती गोठ्याची चूल? वास हितवर आल्ता म्हनत्यात मानसं."

"कोण म्हणतं?"

"समदीच. ट्रकवाला बी म्हनत हुता."

रतनचे कान तापले. पण पाय हलेनात, कारण डोळे दगडांवर होते. तीन दगड, जळून काळेभोर, आतून तुळतुळीत.

"हे दगड कुठले?"

"माझे. फॅक्टरीवर नेले, फॅक्टरीवरनं आनले."

"दगड वाहून नेता? दगडांचा काय दुष्काळ आहे?"

आता बनुबाई हसली. असं हसू रतन वर्गात पुष्कळदा हसली होती, कोणी पहिल्या इयत्तेतली चूक चौथीत केली की.

"बाई, दगुड म्हंजी चूल न्हवं. वढ्यातला दगुड घेतला तर तापला की फुटतो, भाकर राखंत जाती. रस्त्यावरची खडी टोकदार, तवा बसत न्हाई. हे तीन सोधायला मला तीन सालं लागली. तुमी पट्टी लावून कोपरे काढता म्हनं. जाळाला कोपरे कशाला लागत्यात? सा म्हयने माझं सैपाकघर माझ्या डोक्यावर असतंय, दर आठ दिसाला दुसऱ्या फडात. पर धा मिन्टात पेटतंय. आन तुमाला म्हयना लागला आन वास सुटला."

रतनने आयुष्यात पुष्कळांना तुच्छ लेखलं होतं. आपण त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला कसे दिसतो, हे ती पहिल्यांदा पाहत होती. तिथून दृश्य काही बरं नव्हतं.

"पाडव्यापुरते देता का?" तिने विचारलं. शब्द फोड फुटल्यासारखे आले.

"देते की. पोरीचं नाव लिव्हा परत."

"तसं नाही चालत. सहा महिने गैरहजर. नियम आहे. जूनमध्ये नव्याने..."

बनुबाईने फडक्याने तवा उतरवला, काटकीने विस्तव बाजूला सारला आणि पहिला दगड फडक्यात गुंडाळायला घेतला.

"थांबा," रतन म्हणाली.

तिने हजेरीपट आणला. लाल रेघेच्या खाली, निळ्या शाईने, नाव पुन्हा लिहिलं. अक्षर गहिनीनाथसारखं सुंदर नव्हतं. पण हे अक्षर निदान कशाला तरी उपयोगी पडत होतं.

"पाडव्याला जेवनं झाली की माझे मी घिऊन जाईन," बनुबाई म्हणाली. "मला बी सैपाकघर लागतं. आन दोन मी घेते डोक्यावर, येक तुमी घ्या. मी काय तुमची हमाल न्हाई."

मिरवणूक

त्या संध्याकाळी गावाने पाहिलं : पुढे डोक्यावर दोन दगड घेऊन ताठ चालणारी बनुबाई. मागे डोक्यावर एक दगड घेऊन वाकडी चालणारी मास्तरीण. दुष्काळी कामावरून परतणारी माणसं थांबली. कुणीतरी म्हणालं, सरकारनं आता मास्तरांना बी खडीवर घेतलंय वाटतं.

गहिनीनाथ चावडीपाशी सरपंचाबरोबर उभा होता. त्याने ओळख दाखवली नाही. रतननेही दाखवली नाही. डोक्यावर दगड होता, मान वळवायची सोय नव्हती.

पाडवा

घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या. साखरेच्या गाठीही त्या साली बारीक होत्या. आबांनी गुढीला हात जोडले आणि गोठ्याकडे वळून म्हणाले, "पेटली का न्हाई?"

पेटली होती. तडकलेली चूल तिने फोडून सारी माती उकिरड्यावर टाकली होती, आणि तिच्या जागी तीन काळे दगड. रतन चार वाजता उठली होती, पण पाण्याच्या रांगेसाठी नव्हे. रांग तिने आदल्या दिवशीच धरली. डाळ शिजायला जीव घेत होती, रेशनच्या गव्हाला तार येत नव्हती. पहिली पोळी फाटली. दुसरी करपली. तिसऱ्या वेळी तिने पोळीकडे बघणं सोडलं आणि जाळाकडे बघितलं. एक काटकी मागे ओढली. पोळी फुगली.

वाढणारी रतन सोडून आठ माणसं गोठ्यात ओळीने बसली. छावणीतून आलेला थोरला दीर सगळीकडे बघत म्हणाला, "हितं ढवळ्या बांधत हुतो आपन," आणि नेमका ढवळ्याच्या जागी बसला. बैलासारखाच मुकाट जेवला. घरातला त्यातल्या त्यात बरा माणूस.

आबांनी पोळी तोडण्याआधी काठीने एका दगडाला ढोसलं.

"ह्याला चूल म्हनत न्हाईत."

"मग काय म्हणतात?"

"तीन दगुड म्हनत्यात."

"ठरलं होतं काय, आबा? माझ्या खोलीत, माझ्या विस्तवावर, नऊ माणसांचं पुरण. चूल कशाची, ते ठरलं नव्हतं."

आबांनी साळूबाईकडे पाहिलं. साळूबाई नियम, कज्जे, जुनी बोलणी सगळं तोंडपाठ ठेवायची, आणि या घरात तिच्या साक्षीला किंमत होती. ती तोंडातला घास खाली उतरेपर्यंत सगळे थांबले.

"असंच ठरल्तं," साळूबाई म्हणाली. मग रतनकडे वळून, "पुरन पानचाट झालंय. मीठ जास्ती. आन गोठ्यातली माती चुलीला लावनारी बाई मी अजून पायली न्हाई. अजून येक वाढ."

आबांनी मान खाली घातली आणि पोळी तोडली. एक. मग दुसरी. बोलण्यापेक्षा खाणं सोपं होतं.

गहिनीनाथच्या पुढ्यात अजून काही आलं नव्हतं. "मला?" तो म्हणाला.

ताटं सातच होती. रतनने त्याच्यापुढे एक कागद अंथरला, पालथा, कोरी बाजू वर. मग काहीतरी आठवल्यासारखं करून उलटा केला, लिहिलेली बाजू वर. त्यावर तव्यावरची वाफाळती पोळी टाकली. वर चमचाभर तेल. तूप त्या साली कुणाच्या घरी होतं!

गहिनीनाथने पोळीच्या कडेखालून डोकावणारं अक्षर पाहिलं. स्वतःचं अक्षर कोणाला ओळखू येत नाही? त्याने भावाकडे पाहिलं, भाऊ खात होता. बापाकडे पाहिलं, बाप खात होता. पोटात भूक होती आणि समोर पुरण होतं. टेरिकॉटच्या बाह्या वर सारून त्याने पहिला घास घेतला. वाफेने सगळी शाई कागद सोडून पोळीला लागली होती. पोळीच्या पाठीवर, उलटं, निळं, मोत्यासारखं उमटलं होतं : आपली नम्र.

तो खात राहिला.

दगड परत

जेवणं आटोपली आणि बनुबाई दारात. नव्या वर्षाचं म्हणून रतनने तिला पोळी दिली, ती तिने पदरात बांधली, चव घेऊन बघितली नाही. राख झटकली, गरम दगड फडक्यात घेतले, दोन डोक्यावर, एक काखेत.

"कसं झालं?" रतनने विचारलं. चौकशी नव्हती ती; शाबासकी हवी होती.

"दगुड माझे हुते, झालं आसंल बरं," बनुबाई म्हणाली आणि गेली.

गोठ्याच्या मधोमध तीन काळे गोल डाग उरले. आबा ते बघत उभे राहिले. बघता बघता त्यांना काहीतरी सुचलं. चेहऱ्यावर तसा उजेड आला, भोकातून यावा तसा.

"चूल कुटं हाय आता?" ते म्हणाले. "सणापुरती मागून आनली. उद्या कशावर करनार? आं? न्हाई चूल, न्हाई नोकरी. गयन्या, आन रे तो अर्ज देवळीतनं."

साळूबाई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. रतनने राखेत हात घालून दोन निखारे बाजूला काढले, वर राख लोटली, म्हणजे उद्यापर्यंत राहतील. उद्या शाळेआधी एक मैल वारुळापर्यंत जायचं होतं, घमेलं घेऊन. काड अजूनही कुठे नव्हतं. साळूबाईला विचारायला हवं होतं काय घालतात, आणि ती आधी तासभर शिव्या घालील, मग सांगेल.

"अर्ज देवळीत नाही, आबा," रतन म्हणाली. "तुमच्या मुलाच्या पोटात आहे."

सगळे गहिनीनाथकडे वळले.

"मी कशाला..." तो म्हणाला, आणि बोलायला तोंड उघडलं तेव्हा पोरं खिदळायला लागली. त्याने जीभ बाहेर काढून, डोळे तिरळे करून, खाली बघितलं.

निळी होती.